मार्थाबाईंचा भात आणि आमेन

मार्थाबाईंच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. भाताचं पाणी आटलं की त्या आच मंद करायच्या, गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण ठेवायच्या आणि हात जोडून देवबापाशी बोलायला लागायच्या. आमेन झालं की गॅस बंद. भात कसा मऊ, मोकळा. ज्या दिवशी प्रार्थना घाईत उरकायच्या त्या दिवशी कणी दाताखाली यायची. घुग्घुसच्या खाणीतून जेवायला आलेले ड्रायव्हर मग विचारायचे, "बाई, आज देवाले लवकर सुट्टी देली का?"

"पाद्रीसाहेबाएवढी लंबी केली तं कोळसाच खा लागन तुमाले," बाई म्हणायच्या.

मी चामोर्शीकडची. आमचं घर तळ्यातल्या मासोळीवर चालायचं. आठवीत शाळा सुटली आणि पुढं मी बाईंच्या खानावळीत कामाला लागले. जात्याच भित्री. गॅस बंद केला तरी पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. घरचा फोन वाजला की उचलायच्या आधीच घाम. बाई म्हणायच्या, "सुमन, तुझ्या देवाले काही काम देते का नाई? सारं तूच करून राह्यली. तो बसून बसून लठ्ठ झाला असन."

मला त्यांनी कधी चर्चला चल म्हटलं नाही. स्वतः मात्र दर रविवारी जायच्या आणि प्रवचनात झोपायच्या. "बापाच्या घरी झोप नाई लागन तं कुठी लागन?"

भातावरची प्रार्थना त्यांची स्वतःची होती. आधी सिलिंडर टिकू दे, मग जेवणाऱ्यांची पोटं, मग मेलेला नवरा ("त्याले तिथी तरी पिऊ देऊ नको"), मग माझी भीती, मग खाणीत डम्पर चालवणारा एकुलता मुलगा डॅनी. शेवट ठरलेला: "आता माझं नाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. आमेन."

एका दुपारी एक ड्रायव्हर दारातूनच सांगत आला, खाणीत ढिगारा घसरला, एक डम्पर खाली गेला. कोणाचा ते माहीत नाही. डॅनीचा फोन लागेना. मी रडायलाच लागले. बाईंनी गंजावर झाकण ठेवलं आणि सुरू केलं. सिलिंडर झाला, नवरा झाला, मी झाले, डॅनी झाला. शेवटच्या वाक्यापाशी त्या थांबल्या.

"हे नाई म्हणत मी आज," वर बघून म्हणाल्या. "तू सोताच्या पोराले, येशूले, नाई वाचवलं, माह्या पोराले का वाचवशीन?"

करपल्याचा वास यायला लागला. आमेनच्या आधी गॅसला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मी नुसती बघत उभी. बाई भांडत होत्या. त्याला घटकेत बाप म्हणत होत्या, घटकेत मेल्या म्हणत होत्या. शिव्या संपल्यावर आवाज खाली आला. "घे, तूच पाह्य. माह्यानं नाई होत. तुझ्या मनासारखं होऊ दे. आमेन."

गॅस बंद करून त्या भिंतीला टेकून बसल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

"बाई, भेव नाई लागून राह्यलं?"

"लागते ना वो. पण त्याच्यापाशी देलं. आता तो जागन."

थोड्या वेळाने लसणाचं ताट मांडीवर तसंच आणि बाई चक्क घोरत होत्या. मी दारात उभी राहून डॅनीचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते.

संध्याकाळी डॅनी आला, डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेला. अडकलेल्या ड्रायव्हरला जिवंत बाहेर काढताना डॅनीचा फोन ढिगाऱ्यात गेला होता. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "आई, हा का भात होय?"

"देवबापाले विचार," बाई म्हणाल्या. "त्याच्याच संगं बोलून राह्यली होती."

आता मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. इथं भिंतीवर मोठं घड्याळ आहे. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण भातावर झाकण पडलं की बाईंचीच प्रार्थना म्हणते, त्यांच्याच बोलीत. गॅस आता एकदाच बघते.

गेल्या पावसाळ्यात भात मंद आचेवर असताना डॅनीचा फोन आला. आई झोपेतच गेली, म्हणाला. मी हात जोडले, आणि शेवटच्या वाक्यापाशी अडकले. ते तोंडातून निघेपर्यंत स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. पोरींनी ताटं बाजूला सारली. मी बुडाची खरवड काढून घेतली आणि बसून सगळी खाल्ली.