बबनच्या खिशातला कांदा

या सदरातले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसलो आहे. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. फ्यूज उडाला की कुठेतरी कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं – भूतखेत, दृष्ट, संकेत असल्या गोष्टींना माझ्या डोक्यात जागाच नव्हती. पण आमच्या अकोल्यात माझ्याविषयी एक खोटी गोष्ट फिरते आहे आणि ती मीच फिरू दिली. ती दुरुस्त करायची तर त्या कांद्याबद्दल लिहावंच लागेल...

बबन माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा. चांदूर बाजारला त्याची संत्र्याची बाग आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं म्हातारे मोटरसायकलवरून लेहला निघालो. कल्पना माझी. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, या वयात?" – झालं, मी हट्टाला पेटलो. वाटेतल्या बारालाचा खिंडीच्या पाटीखाली काढलेला फोटो टाकीन, असं कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करून बसलो. गाड्या रेल्वेने चंदीगडला पाठवल्या.

निघताना सुमनने आम्हा दोघांच्या खिशात एकेक कांदा टाकला. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवतो. ऊन कांद्याला लागतं, माणसाला नाही, अशी समजूत. म्हणून तो कांदा मग कुणी खात नाही, फेकून देतात.

"अवं, बर्फात चाललो आमी. तिथं कोनतं ऊन?" बबन म्हणाला.

"असू द्या. तुमाले काय जड होते का?"

मनालीपुढच्या जिस्पाच्या मुक्कामापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चढ सुरू झाला तसा बबन मागे पडू लागला. खिंडीच्या अलीकडे झिंगझिंगबारला चहाच्या तंबूपाशी त्याने गाडी लावली आणि तिथेच ओकला. डोकं धरून बसला. तोंड लालबुंद. वर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मी एकदा बघितलं आणि निदान करून टाकलं – याला ऊन लागलं! डोकं दुखतं, उलटी होते, चेहरा लाल होतो, म्हणजे ऊन. अकोल्याच्या मे महिन्याने मला तेवढंच शिकवलं होतं. सोबत आणलेलं कैरीचं पन्हं पाजलं, माझ्या गळ्यातला दुपट्टा ओला करून डोक्यावर ठेवला.

तंबूत पुण्याची काही मुलं होती, तीही गाड्यांवर निघालेली. त्यातला एक म्हणाला, "काका, हे ऊन नाहीये. उंचीचा त्रास आहे. त्यांना लगेच खाली न्या."

"बाळा, मी अकोल्याचा आहे. ऊन काय असतं ते मला पुण्याने शिकवू नये."

मुलं हसली नाहीत.

बबन हळूच म्हणाला, "भाऊ, खाली चाला. मले कसंतरीच होऊन रायलं."

"आलीच न बे खिंड. फोटो काढू अन् उतरू. लेकरावानी काय करून रायला?"

त्याची गाडी तंबूपाशी ठेवली. त्याला माझ्या मागे बसवलं आणि पडू नये म्हणून तोच दुपट्टा त्याच्या पाठीमागून आणून माझ्या पोटावर गाठ मारली. आजारी माणसाला पोत्यासारखं बांधून मी वर नेत होतो, एका फोटोसाठी. हे लिहिताना मला माझी किळस येते.

थोडं वर गेल्यावर वास आला. पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी सडलेल्या कांद्याचा असतो तो – गोडसर, ओला, घशात बसणारा. आधी वाटलं, बबन पुन्हा ओकला. थांबून मागे पाहिलं, तर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं, ओठ निळसर, तोंड कोरडं. वास त्याच्या जॅकेटच्या खिशातून येत होता. मी हातमोजा काढून खिशात हात घातला...

आत काहीतरी गरम होतं. आजूबाजूला बर्फाच्या भिंती, आणि ते चुलीतून काढल्यासारखं गरम, मऊ. बोटं रुतली तसं फुटलं आणि चिकट पाणी मनगटापर्यंत आलं. बाहेर काढलं तर काळा लगदा. दरीत फेकला आणि तिथेच ओकलो.

मी गाडी वळवली ती बबनसाठी नाही. हात धुण्यासाठी. मागे एक नाला ओलांडला होता, तिथपर्यंत उतरलो आणि वाळूने हात घासला. वास पार गेला. बरं वाटलं. आणि मी – हे वाचून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा – गाडी पुन्हा वर वळवली. चढाला लागलो तसा वास परत हेल्मेटच्या आत! खाली वळलो, गेला. वर वळलो, आला. लाइनवरचा फॉल्ट शोधावा तसं मी करून पाहत होतो, आणि पाठीला बांधलेला माणूस घरघरत होता.

शेवटी मळमळ सहन होईना म्हणून खाली निघालो तो केलाँगच्या दवाखान्यातच थांबलो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी झालंय. आणखी वर नेलं असतं तर हा वाटेतच गेला असता. मी बबनचं जॅकेट तपासलं. खिसा कोरडा, डाग नाही. माझा कांदा माझ्या खिशात टणक, थंडगार होता.

परत आल्यावर कॉलनीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, "साडूचे प्राण वाचवणारे धाडसी ज्येष्ठ नागरिक." सुमन माझ्या पाया पडली. "भाऊजी, तुमी नसते तं माह्यं काय झालं असतं?" आणि मी तिला आशीर्वाद दिला!

या एप्रिलमध्ये चांदूर बाजारला गेलो आणि जेवणाआधी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. शालही पुढे ठेवली. बबन म्हणाला, "मले आठवते न भाऊ. तुमी बांधून वर नेऊन रायले होते."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोलून काय करू? आनलं तं तुमीच खाली." मग त्याने विचारलं, "पन कांदा कोनता म्हनता?"

"सुमननं दिला तो. तुह्या खिशातला."

बबनने सुमनकडे चोरून पाहिलं. "तो तं म्या मनालीलेच खाल्ला. धाब्यावर. डाळीसंगं."

"खिशातला कांदा खाल्ला?" सुमन कडाडली. "अक्कल हाय का तुमाले? उनाचा कांदा कोनी खाते का?"

त्याला ती बरंच बोलली. मला एक शब्द नाही. जेवण होईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग माझी बोटं कशात रुतली होती? मी खूप शोधलं. उंचीवर माणसाला भास होतात, म्हणतात. असतील. पण भासाने मला दर वेळी, फक्त चढाला लागल्यावर, वास का दिला? कारण सापडलं नाही. ताटातला कांदा मला अजून बघवत नाही.

दुपारी मी निघालो. बाहेर ऊन रणरणत होतं. गाडी सुरू केली तशी सुमन दारात आली. तिच्या हातात कांदा होता. माझ्यापर्यंत येऊन तिचा हात थांबला.

मी खिसा पुढे केला.