मुखपृष्ठावरची लोविना

वसुधा टिपणीसला मी चाळीस वर्षं ओळखते. मुलुंड पूर्वेला आमची दारं समोरासमोर. टेलिफोन खात्यातून रिटायर झाली आणि बाईसाहेब कादंबऱ्या लिहायला लागल्या. त्याही कुणावर, तर अमेरिकेतल्या आमिश लोकांवर! घरात वीज नाही, दारात मोटार नाही, घोडागाडीतून फिरणारी ती साधी, देवाधर्माची शेतकरी माणसं. मी म्हटलं, "अगं, तू ठाण्यापलीकडे कधी गेली नाहीस, तुला काय डोंबल कळतंय त्यांचं?" तर म्हणे, इंग्रजीत त्यांच्यावर ढीगभर प्रेमकथा आहेत, त्या वाचल्या की कळतं.

आणि चालल्या की हो! आमच्या वाचनालयात बायका नंबर लावून न्यायच्या. प्रत्येकीत एक दुष्ट धर्मगुरू आणि एक पळून जाणारी मुलगी. मीही वाचून रडलेय, खोटं कशाला बोलू?

मग तिची मुलगी स्वरदा नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात गेली आणि घर मिळालं ते नेमकं आमिश शेतांना लागून. वसुधा सहा महिने राहायला गेली. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या मॅटीशी तिची मैत्री जुळली. टेलिफोनवर तीस वर्षं बोललेलं इंग्रजी तिथे कामी आलं. एकदा तिने मॅटीला आपल्या कादंबरीतला प्रसंग सांगितला, नायिका झग्याची बटणं लावत लावत घरातून पळते तो. मॅटी पोट धरधरून हसली. त्यांच्याकडच्या बायका झग्याला बटणं लावतच नाहीत, टाचण्या टोचतात. "अशी पळाली तर रक्तबंबाळ होईल की बिचारी!" म्हणाली. आणि धर्मगुरू? त्यांचा खराखुरा धर्मगुरू मॅटीचा सख्खा काका निघाला. गाईंची धार काढणारा, प्रवचन देताना स्वतःच रडणारा म्हातारा.

वसुधा शरमेने अर्धी होऊन परत आली. "अनू, मी त्यांचं सोंग विकत होते गं," म्हणाली. पुढची कादंबरी खरीच लिहायची, असं तिने ठरवलं. मॅटी, तिची चार वर्षांची मुलगी लोविना, त्यांची भांडणं, त्यांच्या घरातली रविवारची प्रार्थना. दोन वर्षं घासून घासून लिहिली. पण प्रकाशक म्हणाला, "बाई, आधीच्याही खऱ्याच म्हणून खपवल्या आपण. आता लोकांनी कशावरून विश्वास ठेवायचा? एखादा फोटो द्या."

फोटो होता तिच्याकडे. एकच. भोपळ्यांच्या राशीशेजारी उभी असलेली लोविना, उन्हाने डोळे बारीक केलेली. मॅटीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फोटो नको, आमच्यात काढत नाहीत, देवाला आवडत नाही. पण एकदा मॅटी गोठ्यात गेली आणि हिला राहवलं नाही. मोबाइल काढला आणि टिपला. आता तीन दिवस घालमेल चालली होती बाईची. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "घाल गं! मुलुंडचं पुस्तक तिकडे कोण बघायला बसलंय?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीत पुस्तक आलं. मुखपृष्ठ बघून जो तो म्हणे, वा, किती खरं वाटतंय. जानेवारीत स्वरदाचा फोन आला. मॅटीच्या घोडागाडीला मागून ट्रकने उडवलं. मॅटी वाचली. लोविना गेली.

वसुधा दोन दिवस जेवली नाही. त्यात तिला एकच गोष्ट कुरतडत होती, "तिच्या आईकडे पोरीचा एकही फोटो नाही गं." आपल्याकडे माणूस गेलं की आधी बरासा फोटो शोधायची धावपळ. फ्रेम होते, चंदनाचा हार येतो, रोज उदबत्ती लागते. फोटोसुद्धा नाही म्हणजे त्या आईपाशी काहीच उरलं नाही, असं आम्हा दोघींनाही मनापासून वाटलं. मे महिन्यात ती पुन्हा स्वरदाकडे निघाली तेव्हा ते पुस्तक मीच माझ्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं.

मॅटीने पुस्तक हातात घेतलं. चेहरा बघितला. बराच वेळ बघितला. रागावली नाही. वसुधाने हात जोडून माफी मागितली, ती तिने तिथल्या तिथे दिली. त्यांच्यात माफी अडवून ठेवत नाहीत म्हणे. वसुधाचा मला मेसेज आला, "तिने ठेवून घेतलं!" मी तर इथे देवापुढे साखर ठेवली.

पाच आठवड्यांनी मॅटी चालत स्वरदाच्या दाराशी आली. ओळखू येईना इतकी वाळलेली. पुस्तक वसुधाच्या हातात देऊन म्हणाली, "रोज बघितलं. बघायचं नाही ठरवायचे आणि बघायचे. आधी मी डोळे मिटले की ती यायची. कधी झोपलेली, कधी रुसलेली, कधी वासरामागे धावणारी. कुठली येईल याचा नेम नसायचा. आता हीच येते. उन्हात डोळे बारीक केलेली. बाकीच्या येतच नाहीत. हे घेऊन जा. तुझ्यावर राग नाही माझा."

वसुधा परत आली ती थेट माझ्याकडे. ओट्याशी स्टुलावर बसली. मी चहा टाकला, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. वेळ जाऊ दे, पुस्तक समोर नाही ना आता, येतील हळूहळू बाकीच्या आठवणी, तू काय मुद्दाम केलंस का?

तिने सगळं ऐकून घेतलं. फोटो घाल असं मीच म्हटलं होतं, ते एकदाही काढलं नाही. मग म्हणाली, "अनू, सहा वर्षांतल्या सगळ्या लोविना होत्या गं तिच्यापाशी. मी जाऊन तिला एकच ठेवली."