नववीच्या मुलींचा खो-खो आणि ऑफिसातली चावी

खो मिळूनही सानिका उठली नाही. खो-खोत रांगेत बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं, की तिने उठून पळायचं. ही बसूनच. मी शिट्टी मारली. तर दुसरीच मुलगी उठली, कडेच्या आंब्याखाली गेली आणि डोकं धरून बसली. माझा फायनल पाठ आठवड्यावर आला होता.

मी सरकारी विद्यापीठात बी.पी.एड. करते. आरोग्य आणि शारीरिक शिक्षण असं भारदस्त नाव आहे. आमच्या म्हसळ्याकडे ‘पीटीचं कॉलेज’ म्हणतात आणि हसतात. हसू देत. या कोर्सात शाळेत जाऊन पाठ द्यावे लागतात. तास आपण घ्यायचा, विद्यापीठाच्या मॅडम मागे खुर्ची टाकून बघणार आणि मार्क देणार. फायनल पाठ गेला की वर्ष गेलं. मला मिळालेली शाळा बोर्ली पंचतनच्या पुढे, बीचकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून.

मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी मला सोपा मार्ग दाखवला. कबड्डीची पोरं घे, पांढऱ्या टी-शर्टात उभी करतो. इन्स्पेक्शनला तीच असतात, दरवर्षी विद्यापीठाच्या पाठालाही तीच असतात. त्यांना शिट्टीच्या आधी कळतं काय करायचं ते. मी नाही म्हटलं. नववीच्या मुलींचा खेळाचा तास टाइमटेबलवर होता आणि दर आठवड्याला गणिताचे सर तो खात होते. मला तोच हवा होता.

“घे,” मुख्याध्यापक सर म्हणाले. “पण त्या पळत नाहीत हां.”

खरंच पळत नव्हत्या. मला वाटलं, कारण उघड आहे. घरचा धाक, लाज, ओढणी. विद्यार्थी संघटनेत मी पत्रकं लिहिते, हात शिवशिवणारच. त्याच संध्याकाळी लिहिलं, ‘मैदान कोणाच्या बापाचं?’ सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मथळा झकास आहे म्हणाले आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

मग मी आंब्याखाली जाऊन मुलींनाच विचारलं. हे आधी सुचायला हरकत नव्हती.

सानिकाची आई बोर्लीच्या बाजारात मासळी विकते. आईचा आवाज लेकीत आलाय. ती म्हणाली, “पळालं का तान लागते मॅडम.”

“मग पाणी प्या.”

“शाळेत पानी पीत न्हाय आमी.”

का, म्हटलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी शबनम बोलली. “पिऊन जायचं कुठं?”

मुलींचं बाथरूम होतं. टाइल्स लावलेलं, नळ असलेलं. आणि कुलूप लावलेलं. चावी ऑफिसात, मुख्याध्यापक सरांच्या ड्रॉवरमध्ये. ती मागायची म्हणजे सर, क्लार्क, शिपाई आणि चहाला आलेले गावकरी या सगळ्यांसमोर. म्हणून मुली सकाळपासून शाळा सुटेपर्यंत कोरड्या. डोकं दुखेल नाहीतर काय? आमच्या कोर्सात हायड्रेशन, म्हणजे शरीरातलं पाणी राखणं, यावर अख्खा धडा आहे.

मी सरांना गाठलं. त्यांचंही म्हणणं होतं. रस्ता बीचचा. गाड्या थांबतात, पर्यटक फाटकातून सरळ आत बाथरूमला येतात. त्यांची घाण माझ्या शिपायाने काढायची का? मुद्दा बरोबर होता, त्यामुळे माझा संताप आणखी वाढला. घाण पर्यटकांची आणि तहान मुलींनी मारायची?

“तसं नाही गं,” सर म्हणाले. “चावी मागितली तर देतो ना मी. कोणी मागतच नाही.”

वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

पाठाचा विषय बदलला: ‘खेळ आणि पाणी’. मुलींना आधीच सगळं सांगितलं. जिला नको तिने बाजूला राहावं, असंही सांगितलं. एकही राहिली नाही.

पाठाच्या दिवशी आमच्या पाटणकर मॅडम खुर्चीत बसल्या. घाम, तहान, डोकेदुखी, सगळं मी समजावलं. मग प्रात्यक्षिक. प्रत्येकीने भरलेली बाटली आणली होती, ती तोंडाला लावली. थोड्या वेळाने खो-खो. शबनमने ओढणी कमरेला बांधली. सानिकाने तर खांबाजवळ अशी झेप घेतली, की मातीत लोळली आणि हसत उठली. डोकं कोणीच धरलं नाही.

मग व्हायचं ते झालं. वर्ग रांगेने ऑफिसात गेला.

आत शाळा समितीचे अध्यक्ष चहा पीत होते. सानिका म्हणाली, “सर, चावी द्या.” सरांनी दिली. जाऊन आली, चावी टेबलावर ठेवली, कारण सरांचा नियमच तसा. मागची पुढे झाली. “सर, चावी द्या.” मग तिच्या मागची. आवाज नम्र, रांग सरळ.

अध्यक्षांनी विचारलं, “काय चाललंय हे?”

“पाठ चाललाय,” सर म्हणाले. त्यांनी दारातून रांगेचं शेपूट पाहिलं. ते आंब्यापर्यंत गेलं होतं. मग त्यांनी चावी शबनमच्या हातात दिली. “ठेवा बाई तुमच्याकडेच.”

आता चावी नववीच्या वर्गात खिळ्याला असते. अध्यक्षांनी कुलूप आणून रस्त्याकडच्या फाटकाला लावलं. पर्यटक पुढे जातात, तिकडे हॉटेलं आहेत.

मॅडमनी शेरा दिला: मुलींचा सहभाग उत्तम, वेळेचं नियोजन ढिसाळ, शेवटी वर्ग मैदानावर नव्हता. मार्क कापले. तरी मी पास झाले. गणिताचे सर पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा खेळाचा तास खायला आले, तेव्हाही वर्ग जागेवर नव्हता. तो मैदानावर होता.

मागितलं तर देतो, असं कोणी म्हणालं की त्याच्यावर पत्रक काढू नये. मागायला जावं. सगळ्यांनी, एकेक करून.