अर्धा नारा

परवा संध्याकाळी भिलाईतल्या रिसालीत, बंडूच्या वऱ्हांड्यात बसलो होतो. बंडू म्हणजे माझा बालमित्र... गोंदियाकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेचे, आणि पुढे भिलाईच्या स्टील प्लांटमध्येही एकाच गेटने आत जाणारे आम्ही.

उन्हाळ्यात त्याला पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. ऐकतो सगळं, समजतंही... शब्द मात्र बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी. एक शब्द सापडला की पुढचे यायला लागतात."

म्हणून मी रोज स्मृति नगरच्या माझ्या घरून जातो आणि त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. माझा कवितेवर फार भरवसा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, चालीसकट म्हणायचो... बंडू नुसता बघत राहायचा. त्याची बायको, सुमनवहिनी, एकदा म्हणाल्याच, "भाऊजी, तुमच्या कवितेनं मलेच झोप येऊन राहिली, ह्यायले काय जाग येईन!"

तर परवा समोरच्या रस्त्याने मोहल्ल्यातल्या बायकांचा छोटासा मोर्चा निघाला. शाळेसमोर स्पीडब्रेकर हवा म्हणून. पुढची बाई जीव तोडून ओरडत होती, "हमारी माँगें..." आणि मागच्या लाजत, पदर सावरत पुटपुटत होत्या, "पूरी करो."

मला नारे कधीच आवडले नाहीत. भिंतींवर रंगवलेली ती यमकं, प्लांटच्या दारातल्या युनियनच्या गेट मीटिंगमधला तो गलका... कवितेच्या घरातली ही अडाणी भावंडं वाटायची मला. बंडूचं उलट. तो पुढारी कधीच नव्हता, गर्दीतलाच माणूस. पण नाऱ्याला उत्तर देताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा.

मोर्चा फाटकापाशी आला. "हमारी माँगें..."

"पूरी करो!"

मी दचकलो. आवाज शेजारच्या खुर्चीतून आला होता... घोगरा, जडशीळ, पण बंडूचाच. मोर्चा थांबला. पुढची बाई हसून म्हणाली, "अरे वाह दादाजी! फिर से... हमारी माँगें?" आणि त्याने पुन्हा उत्तर दिलं.

वहिनी कणकेच्या हातांनीच धावत बाहेर आल्या. डोळे वाहत होते आणि तोंड चालू होतं, "मी इतक्या दिवसांची हाका मारून राहिली, तं मले ओ नाही... अन् त्या बाईले बरं लगेच उत्तर देता!" बंडू हसला. एका बाजूने, पण हसला.

घरी येताना तेच डोक्यात घोळत होतं... नारा एकट्याने पुरा होत नाही. अर्धा आपण म्हणायचा, अर्धा समोरच्यासाठी सोडायचा. आमचे गुरुजीही कविता तशीच शिकवायचे... ओळ मध्येच सोडून द्यायचे, वर्ग ती पुरी करायचा. मी मात्र बंडूला अख्खी कविता ऐकवत होतो. त्याच्यासाठी जागाच ठेवली नव्हती.

काल गेलो तेव्हा गुरुजींनी स्वतः जुळवलेली ती धानाची कविता धरली. "बांधाआड पिकला धान, झुलते वाऱ्यावर..." आणि थांबलो. थांबणं फार अवघड असतं हो... जीभ नुसती शिवशिवत होती.

बंडूने मान खाली घातली. ओठ हलले, थबकले. आत वहिनींनी भांडी घासणं बंद केलं.

"पा... न," बंडू म्हणाला. मग दम घेऊन, "पानन् पान."

स्पीडब्रेकर अजून झालेला नाही. मोर्चातल्या त्या पुढच्या ताईंना निरोप पाठवलाय... पुढचा मोर्चा निघाला की आमच्या फाटकाशी जरा थांबा, आणि तुमचा अर्धा नारा तेवढा द्या. या वेळी उत्तर द्यायला आम्ही दोघे असू.