शाम्पूचा निकाल

शाम्पूला मराठीत काय म्हणतात, असं तुम्ही नातवंडांनी परवा फोनवर विचारलंत. त्या उत्तरापायी माझे पुष्कळ रविवार गेले आहेत, म्हणून ते नीट लिहून पाठवते.

आम्ही धुळ्याला राहत होतो तेव्हा दुकानांत शाम्पूच्या छोट्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, भडगावकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. दर रविवारी न्हाण्याआधी मी त्यांच्या डोक्याला तेल लावून तासभर चेपायचं, मग शिकेकाई. मला तो तास वर्तमानपत्रासाठी हवा होता. एकदा मी एक पुडी आणली आणि म्हटलं, "अक्का, ही इंग्रजांची वस्तू. केसांना लावायची, धुवायचं, झालं. चेपाचेपी बंद."

"कसाना इंग्रज?" अक्का म्हणाल्या. "न्हावी चंपी करस, तेच शे हाई."

न्हाव्याची चंपी तोच शाम्पू, हे ऐकून मला हसू आलं. पैज लागली. शब्द इंग्रजांचा निघाला तर रविवार माझे, आपला निघाला तर चेपणं कायमचं. निकाल माझ्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशाने द्यायचा होता. तुमचे आजोबा कामाला पाचोऱ्याला गेलेले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, त्यामुळे मी निश्चिंत होते.

अक्कांनी शब्दकोश पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल वाहिलं आणि हात जोडले. "आते वाच."

मी पान काढलं. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला. मूळ हिंदी 'चाँपो', म्हणजे दाब, चेप. इंग्रज इथे येऊन अंग चेपून घ्यायला शिकले आणि पुढे तोच शब्द केस धुण्याला चिकटला. मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"काय लिखेल शे?"

"अक्षर फार बारीक आहे, अक्का."

"मी थांबस," म्हणून त्या पाटासमोर मांडी घालून बसल्या.

कुंकू लागलेल्या पुस्तकासमोर खोटं बोलायचा धीर मला झाला नाही. होतं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इंग्रज बी सांगी राह्यना, दाब," अक्का म्हणाल्या. तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवून त्या पाठ करून बसल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं, रविवारी चेपता चेपता माझा हात जरा मंदावला, की अक्का डोळे न उघडता एवढंच म्हणायच्या, "शाम्पू."