हाक देणाऱ्याने खेळायचं नसतं

बातमी आली तेव्हा मी नाशिकजवळ भावाच्या मळ्यात होते. टोमॅटोची तोडणी चालू होती, क्रेट टेम्पोत चढत होते आणि माझी अकरा वर्षांची मैत्रेयी चिखलाला नाक मुरडत मोबाइलची रेंज शोधत फिरत होती. मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दोह्याहून फोन आला. कामाच्या वेळात तो कधी फोन करत नाही. "वृषाली, आधी खाली बस," एवढंच म्हणाला... आणि मला कळलं. मुकुंदकाका गेले होते. सकाळी ऑफिसला निघाले, गाडीत बसले आणि गाडी सुरू झालीच नाही.

मुकुंदकाका देवस्थळी माझे नात्यातले कोणी नव्हते. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून भाड्याने दिले आहेत, त्यात वर आम्ही आणि खाली ते, एवढंच नातं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. साठी उलटल्यावरही कंपनीने काकांना करारावर ठेवून घेतलं होतं, कारण समुद्राखालच्या गॅसचं गणित त्यांच्याइतकं कोणाला जमत नसे. म्हणजे असं ते स्वतःच सांगायचे. फोन ठेवल्यावर मी रडले नाही. मी व्हॉट्सॲप उघडलं. दोन दिवसांपूर्वीचा त्यांचा मेसेज तिथेच होता, "तळ्यात की मळ्यात?" मी तो वाचला होता, आणि वाचल्याचं त्यांनाही दिसलं असणार. उत्तर मात्र दिलं नव्हतं. उद्या बघू, म्हटलं होतं.

हा खेळ कोणाला समजावून सांगायला नको. मध्ये एक रेघ, अलीकडे तळं, पलीकडे मळा. एकजण हाक देतो, बाकीचे उड्या मारतात, चुकेल तो बाद. आमच्या दोघांच्या भाषेत तळं म्हणजे दोहा आणि मळा म्हणजे नाशिक. जूनमधल्या त्या संध्याकाळनंतर मी सुट्टीला म्हणून नाशिकला आले होते आणि परत जायचं की नाही, ते माझं ठरत नव्हतं. काकांना ते बरोबर ठाऊक होतं.

त्या संध्याकाळकडे येण्याआधी काकांचं अमेरिकापुराण सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय काका म्हणजे मिठाशिवाय आमटी. तरुणपणी ते कुवेतला होते. इराकने कुवेतवर चाल केली तेव्हा भरलेलं घर टाकून, काकूंना घेऊन, बसने वाळवंट तुडवत जॉर्डनला पोचले आणि तिथून विमानाने मुंबईला. बरोबर दोन बॅगा. "एका बॅगेत तिचा कुकर होता," ते सांगायचे, "माझी डिग्री राहिली तिथेच!" शुक्रवारी सकाळी चहाला ते वर आले की मिलिंदशी त्यांची जुंपायची. मिलिंदचं म्हणणं ठरलेलं, सगळ्याच्या मुळाशी अमेरिका, सगळं तेलासाठी. काका चिडायचे. कान लाल व्हायचे त्यांचे.

"अरे, पण बोलावलं कोणी?" ते विचारायचे. "आधी इराण आणि इराक आपसात आठ वर्षं लढले. तेव्हा या आखातातल्या देशांनी इराकचा हात धरला. मग तोच इराक कुवेतवर आला, तेव्हा बाकीच्यांची पाचावर धारण बसली आणि त्यांनीच अमेरिकेला हाक मारली, या म्हणून. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर भरवसा नाही. तळ्यात-मळ्यात खेळताना पोरं काय करतात? आपल्यातल्या कोणी हाक दिली तर लबाडी करील म्हणून बाहेरचा एखादा दादा उभा करतात. तसा हा उभा केला."

"मग चुकलं कुठे?" मी विचारलं होतं.

"अगो, हाक देणाऱ्याने खेळायचं नसतं. याने हाक देता देता स्वतःच उडी मारली. मग कोण बाद आणि कोण नाही, हे सांगणार कोण?"

एवढं बोलून झालं की ते चकली मागायचे. आपलं म्हणणं पटलं की नाही, याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. मला ते तेव्हा एक गमतीचं बोलणं वाटायचं. इथे आपण पगारापुरते, मुलांच्या शाळेपुरते राहतो. या देशांची भांडणं आपल्या डोक्यावरून जातात, असं मी धरून चालले होते.

मग बहारीनसकट शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली. दुकानातल्या दुधाच्या फळ्या एका दिवसात रिकाम्या झाल्या, दुसऱ्याच आठवड्यात तुर्कस्तानचं दूध आलं, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. आमच्यापुरतं ते दुधावर भागलं. आमच्या घरमालकीणबाई उम्म सालेम मात्र बहारीनच्या. समोरच्या मोठ्या घरात राहतात, आमच्याशी हिंदी, इंग्रजी आणि अरबी एकत्र कालवून बोलतात. त्यांची आई तिकडे आजारी होती. विमानाने एरवी तासाभराचं अंतर, पण रस्ता बंद, विमानं बंद. आई गेल्याचं त्यांनी फोनवर ऐकलं. मी भेटायला गेले तर काका आधीच तिथे, त्यांच्या यजमानांशेजारी मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बसलेले.

"मुहंदिस," उम्म सालेम त्यांना विचारत होत्या, इंजिनिअरला त्या याच नावाने हाक मारत, "अमरिका इधर भी दोस्त, उधर भी दोस्त. फिर रास्ता क्यों नहीं खोलता?"

परत येताना जिन्याशी थांबून काका मला म्हणाले, "बहारीनमध्ये अमेरिकेचं आरमार, इथे त्यांचा हवाई तळ. अध्यक्ष एक बोलतात, त्यांचेच मंत्री दुसरं बोलतात. आणि या बाईला आईचं तोंड बघायला मिळालं नाही." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला. स्वतःची आई गेली तेव्हा ते कुवेतला होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

अंगणातली रेघ कोरोनातली. मुलं घरात कोंडून वैतागली होती. उम्म सालेमची नातवंडं, आमची मैत्रेयी, मागच्या घरातली दोन मल्याळी पोरं. काकांनी कुठूनतरी पांढरा रंग आणला आणि फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. कडेला आपली प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि हाका द्यायला बसले. पाय दुखतात म्हणून खुर्ची, असं म्हणायचे, पण दम लागला की जो पहिला बाद होईल त्याला ती खुर्ची द्यायचे आणि आतून पाणी पिऊन यायचे. अरबी पोरांना 'ळ' म्हणता येईना. "तल्यात! मल्यात!" असा गलका चालायचा. माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. एकदा तिने विचारलं, "काका, तळ्यात मीन्स इन द बेस?" घरी आम्ही सतत अमेरिकेचा तळ, अमेरिकेचा तळ म्हणतो, त्यावरून तिने तळ्याचा अर्थ लावला होता. काका हसून हसून खुर्चीतून घसरायचे राहिले. पुढे महिनाभर येईल-जाईल त्याला ते हे ऐकवत होते. "बरोबर आहे तिचं," शेवटी जोडायचे, "इथे आपण सगळे त्या तळाच्या काठावरच राहतो."

आणि जूनमधली ती संध्याकाळ. इराणवर अमेरिकेची बॉम्बफेक होऊन गेली होती, आता उलट काय येणार याची कुजबूज होती. दिवस मावळल्यावर उन्हाची धग जरा उतरली म्हणून मुलं अंगणात उतरली, काका खुर्चीत. मी वर पोळ्या लाटत होते. आधी खिडकीची काच थरथरली, मग आवाज... एक, मग पाठोपाठ कितीतरी. खिडकीशी धावले तर आकाशात उजेडाचे ठिपके वर चढत होते आणि खाली मुलं माना वर करून बघत उभी होती. तेवढ्यात काकांचा आवाज आला, नेहमीचा, खेळातला, "मळ्यात! घर म्हणजे मळा! सगळे मळ्यात!" मुलं खिदळत घराकडे पळाली. उम्म सालेमचा सगळ्यात धाकटा नातू तसाच वर बघत उभा होता. काका खुर्चीतून उठले आणि रेघेवरून धावत जाऊन त्याला उचलून आत आणलं. दुखऱ्या पायांचा माणूस.

मी खाली पोचले तेव्हा सगळे जिन्याखाली दाटीवाटीने बसले होते. उम्म सालेम बहारीनला बहिणीला फोन लावत होत्या, तिकडेही तीच भीती. काकांना धाप लागली होती. "मी बाद," ते मला म्हणाले, "हाक देणाऱ्याने उडी मारली." मुलं हसली. मी हसले नाही. मी मैत्रेयीला इतकं घट्ट धरलं होतं की ती "आई, यू आर हर्टिंग मी" म्हणाली.

इराणने अमेरिकेच्या तळावर सोडलेली क्षेपणास्त्रं बहुतेक वरच्यावर पाडली गेली, त्या दिवशी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसं उघडली, विमानं सुरू झाली, मिलिंद म्हणाला, "खलास, संपलं ते." माझं संपलं नव्हतं. शाळेला सुट्टी लागताच मी नाशिकची तिकिटं काढली आणि निघताना दोनाऐवजी चार बॅगा भरल्या. काका गाडीपर्यंत आले. बॅगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तळ्यात की मळ्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू काका, इन्शाल्ला." ते म्हणाले, "अगो, इन्शाल्ला हे उत्तर नव्हे." आणि बडीशेपेची पुडी माझ्या हातावर ठेवली. तीच शेवटची भेट.

तिथे आपल्या माणसाच्या दहनाची सोय नाही, म्हणून काका विमानाने पुण्याला आले. मीही नाशिकहून गेले. काका म्हणायचेच, शेवटची उडी सगळ्यांना मळ्यातच मारावी लागते. त्यांच्या मुलाने मला विचारलं, "बाबा तिकडे एकटे होते का हो?" मी नाही म्हटलं. मग बाहेर येऊन एका गाडीला टेकून खूप रडले. मला त्यांची इतकी आठवण येते की शुक्रवारी सकाळी अजूनही हात जास्तीचा कप काढतो. त्यांच्या मेसेजला दोन शब्द लिहायचे होते, खरं तर एकच शब्द. लिहिला असता तर काय बिघडलं असतं?

दोह्याला परत आले ती मैत्रेयीची शाळा सुरू होते म्हणून आले, निदान सगळ्यांना तसं सांगितलं. विमानतळावरून घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. उन्हाने रेघ फिकी झाली होती, फक्त खुर्चीच्या सावलीतला वीतभर तुकडा पांढराशुभ्र. खुर्ची कोणी हलवली नव्हती. पोरं रेघेच्या दोन्ही बाजूंना नुसतीच उभी होती, हाक कोणी द्यायची यावरून वाद चालला होता. मैत्रेयी बॅग टाकून त्यांच्यात मिसळली. मी खुर्चीकडे बघत मध्येच उभी राहिले, दोन्ही हातांत बॅगा. मी कुठे उभी आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"आंटी!" काकांनी उचलून आणलेला तो धाकटा ओरडला. "रेघ! बाद, बाद! खलास!"

खाली पाहिलं तर दोन्ही पाय रेघेवर. तो माझा हात धरून मला खुर्चीकडे ओढू लागला. पहिला बाद होईल त्याची खुर्ची. मी बसले नाही, नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिले. प्लास्टिक दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होतं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जमेल तेवढ्या मोठ्याने हाक दिली, "तळ्यात!"