पाव गोळी आणि फेरतपासणी

चाकणच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. समोरच्यानं भाव सांगितला की माझ्या तोंडून आपोआप "शेवटचा सांगा" निघतं. भाजीवाल्यापासून मंगल कार्यालयापर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. त्यामुळे वाकडच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्या तावडीतून सुटतील, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

झालं असं की आमचा म्हातारा बोका एका सकाळी खुर्चीच्या पायाला धडकला. मग दाराला. मग दुधाच्या वाटीत त्याचा पाय पडला. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर आणि नजर कुठंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब फार वाढलाय, त्यानं डोळ्यांचे पडदे मागून सुटलेत. दाब लवकर उतरला तर थोडं तरी दिसेल, नाहीतर कायमचा अंधार. औषध म्हणजे माणसांच्याच रक्तदाबाच्या गोळीचा पाव तुकडा, रोज.

ते ऐकून माझे सासरे खूश झाले. "आगं, हीच गोळी मला हाय की!"

सासरे वाकडच्या जुन्या शेतकरी घरातले. शेत गेलं, तिथं टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात आम्ही राहतो. सासूबाई गेल्यापासून त्यांचं दिवसभराचं बोलणं या बोक्याशी. त्याला ते 'राव' म्हणतात. "काय राव, जेवला का?" तो आंधळा झाल्यापासून ते त्याला उचलून गॅलरीत न्यायचे आणि खाली रस्त्यावर काय चाललंय ते त्याला सांगत बसायचे. मला ते ऐकवत नसे.

आठवड्यानं फेरतपासणी झाली. दाब जरा उतरला होता. गोळ्या संपल्या की बोक्याला पुन्हा आणा, असं बाई म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. गोळीची किंमत काय आणि फी केवढी! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय बोक्याला पिंजऱ्यात घालायचं म्हणजे आमच्या हातांवर ओरखडे. सासऱ्यांचं उत्तर तर तयारच होतं. ते स्वतः कित्येक वर्षं डॉक्टरकडे गेलेले नाहीत. मेडिकलवाल्याला रिकामी स्ट्रिप दाखवतात, तो नवी देतो. "माझ्यातलीच पाव मोडू त्याला. डॉक्टर कशाला पायजे?" गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, आमची तर गरजही सरली नव्हती.

मी मधला मार्ग काढला. गोळ्या संपल्या त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले आणि एकटीच दवाखान्यात गेले. म्हटलं, "मॅडम, तीच चिठ्ठी पुन्हा लिहून द्या. हवं तर आपण वर्षाचा रेट ठरवून टाकू."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. "पहिल्या वेळी मी सगळं तपासते, म्हणून पूर्ण फी. नंतर निम्मी. नुसतं वजन करायला आलात तर काहीच नाही. पण चिठ्ठी मी बोक्याला बघितल्याशिवाय लिहीत नाही. मागची गोळी मागच्या दाबाला होती. आजचा दाब किती, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. घेऊन या, मी थांबते."

मी घरी फोन केला. सासरे पिंजरा पोटाशी धरून रिक्षानं आले.

मला वाटलं होतं, पट्टा बांधला, आकडा बघितला, झालं. बाईंनी दिवा मंद केला, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि स्वस्थ बसून राहिल्या. काही करेचनात. मी घड्याळ बघायला लागले. "घाबरला असताना दाब खोटा चढतो," त्या हळूच म्हणाल्या. "शांत होऊ दे त्याला." बाहेर हिंजवडीहून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न चालू होते आणि आत आम्ही तिघं मोठी माणसं एका बोक्याची भीती उतरायची वाट बघत गप्प बसलो होतो. गाडी थांबवून ठेवली म्हणून ट्रकवाल्यांनी लावलेला हॉल्टिंग चार्ज मी जन्मभर खोडत आले आहे. या थांबण्याचे पैसे खोडायची माझी छाती झाली नसती.

शेवटी बोका आपणहून बाहेर आला आणि सासऱ्यांच्या मांडीवर बसला. बाईंनी त्याच्या पुढच्या पायाला बोटभर रुंदीचा पट्टा गुंडाळला, पंजाला जेल लावून एक छोटंसं यंत्र टेकवलं आणि कानांना हेडफोन लावले. पहिला आकडा त्यांनी सोडूनच दिला. मग पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. मग हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

खस्स, खस्स, खस्स. कुणीतरी अंगण झाडतंय असा आवाज. त्या एवढ्याशा पंजातून रक्त चाललं होतं आणि मी ते ऐकत होते. खरं सांगते, देवळातसुद्धा मी इतकी गप्प कधी उभी राहिलेली नाही.

सासऱ्यांनी टोपी काढून हेडफोन घातले. बराच वेळ ऐकलं. "डॉक्टरीणबाई, माझं बी आसंच वाजत आसंल का वो?"

"वाजतं ना, आजोबा. पण ते ऐकायला माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं."

"जातो," ते म्हणाले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हेच सांगत होते, पालथ्या घड्यावर पाणी.

दाब अजून चढाच होता. पाव गोळी पुरत नव्हती, अर्धी करावी लागणार होती. आमच्या पद्धतीनं आम्ही तीच पाव वर्षभर निष्ठेनं देत राहिलो असतो.

"आन् डोळं?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी दिवा मोठा केला, बोक्याला टेबलावर बसवलं आणि कापसाचा बोळा त्याच्या उजवीकडे उंचावरून सोडला. पडताना कापसाचा आवाज होत नाही. बोका ढिम्म. मग डावीकडे सोडला. बोक्याची मान हलली. कापसाबरोबर खाली गेली, पार टेबलापर्यंत. बाईंनी पुन्हा सोडला, पुन्हा मान खाली गेली. मी तोंडावर हात धरला. सुटलेला एक पडदा त्या पाव-पाव गोळीनं परत जागेवर बसत होता, आमच्या घरात, आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आणखी एकदा बोळा पुढं आला तेव्हा बोका कंटाळला. त्यानं मान वळवली, वर केली आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

सासरे जागचे हलले नाहीत. "मीच हाय, राव," ते म्हणाले. "मीच."